एकेचाळीस पावले

"उदाहरण सातवे," असे म्हणून चिंतामण गुरुजींनी ओसरीवर पान उलटले, तेव्हा आत चुलीपुढे भाकरी थापत बसलेल्या कोकिळेच्या मनात भावाबद्दलचा अभिमान नुसता दाटून आला होता... चार वर्षांनी विलायतेहून परतलेला तिचा भालचंद्र, त्याने लिहिलेले ते निळ्या बांधणीचे इंग्रजी पुस्तक, आणि ते मराठीत करून सांगणारे त्याचेच जुने शाळामास्तर! पुस्तक कशावर आहे हे काल तो मलकापूरहून बैलांच्या दमणीने येऊन उतरल्यापासून सगळ्या रोहिणखेडला ठाऊक झाले होते. जुन्या काळापासून माणसे मरणाकडे कशी पाहत आली, आपले मृत कसे पुरत आणि कसे जाळत आली, याचा अभ्यास त्याने लंडनात राहून केला होता.

"पण मेलेल्याचं शिकाले विलायतेले काऊन जा लागते, बापा?" शेजारचे उकंडराव सकाळपासून हेच विचारत होते. "आपल्या गावात काय कोणी मरतच नाई?"

ओसरी खदखदली. भालचंद्रही हसला, पण पुढच्या क्षणी हात पुढे करून म्हणाला, "गुरुजी, ते राहू द्या. पुढचं प्रकरण वाचा."

"का रे? लाजतोस की काय?" गुरुजींनी कौतुकाने पुस्तक दूर धरले. "ऐका हो. 'वऱ्हाडातील कुणब्यांत दात न आलेले मूल जाळत नाहीत, पुरतात. उदाहरण सातवे. स्त्री अर्भक, वय अडीच महिने. आजोळी मृत्यू, श्रावण मास. खड्डा पुरुषाच्या कमरेइतका खोल. खाली व वर मीठ. उजव्या मनगटातील काळ्या मण्यांची मनगटी काढली नाही. वर सात दगड व बाभळीचे काटे...'"

"गुरुजी, द्या ते इकडे!"

"'जागा, नाल्याच्या वळणावरील दगडी बांधापासून दक्षिणेस एकेचाळीस पावले, हिवराच्या झाडालगत. रूढीप्रमाणे आईला जागा सांगितलेली नाही.' वा! याला म्हणतात बारकाई!"

आत तव्यावरची भाकरी करपू लागली. कोकिळेला तो वास येत होता, पण तिचा हात हलेना. ती मनगटी तिने स्वतः ओवली होती... एका दोऱ्यात नऊ काळे मणी आणि मधोमध एक पांढरा! श्रावणातल्या त्या दिवशी पोरीला पदराआडून उचलून नेले, आणि दुसऱ्या दिवशी आमटीत घालायला मीठ पाहिले तर मडके तळापर्यंत रिकामे! "मीठ कोठी गेलं?" असे तिने पाहुण्या आलेल्या शालूबाई आत्याला विचारले होते, तेव्हा आत्याने तोंड फिरवले होते. सहा वर्षे ते रिकामे मडके तिच्या काळजात तसेच पडून होते.

ती पिठाच्या हातांनीच ओसरीवर आली. बाईमाणूस चारचौघांत असे आलेले पाहून उकंडराव उठलेच.

"गुरुजी," ती म्हणाली, "हे पुस्तक किती जनांनी वाचलं असंन?"

"अगं, लंडनचे मोठमोठे विद्वान..." गुरुजी बोलता बोलता थांबले. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा भालचंद्राच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि अडीच महिने, आजोळ, श्रावण हे सारे त्यांच्या एकदम ध्यानात आले. पुस्तक मिटून त्यांनी ते हळूच बाजेवर ठेवले. थोड्या वेळात ओसरीवर बहीण-भावाखेरीज कोणी उरले नाही.

"अक्का..." भालचंद्र म्हणाला.

"बोलू नको! आधी मी इचारते. तू जाईपर्यंत मी तुले एकच गोठ इचारली का नाई? तू जाण्याच्या दिवशी, तुह्या हातावर दही देतानी, इचारली का नाई?"

"इचारली."

"काय म्हनला होता?"

"मले आठवत नाई म्हनलो होतो."

"आठवत नाई!" ती हसली, आणि ते हसणे रडण्याहून भयंकर होते. "मायले सांगाले आठवत नाई, अन् साहेबाले सांगाले पावलंसुदिक मोजून आठवते! एकेचाळीस! चाळीस नाई, एकेचाळीस!"

"आबांनी शपथ घातली होती, अक्का. देव्हाऱ्यातल्या आपल्या आईच्या टाकावर हात ठेवून. लेकराच्या मायले जागा कळली तं ती तेथीच बसून राह्यते, तिची कूस पुन्हा भरत नाई, म्हने. तुह्याच भल्यासाठी..."

"शपथ मले नाई सांगाची होती का कोनालेच नाई सांगाची होती?"

 ज्याने भल्याभल्या पंडितांपुढे आपल्या प्रबंधाचे समर्थन केले होते, तो भालचंद्र आपल्या बहिणीच्या एका प्रश्नापुढे मान खाली घालून उभा राहिला.

"अन् स्त्री अर्भक म्हंजे काय रे? नाव नव्हतं तिले? तिची आत्या आली नाई म्हनून बारशाले तूच तिच्या कानात कुर्र केलं होतं. गोदा! गोदा नाव होतं तिचं!"

"तेथी नावं लिहित नाईत. उदाहरनाले आकडा असते."

"आकडा..." ती म्हणाली. "माह्या लेकीचा तू आकडा केला, भाल्या!"

आणि मग सहा वर्षांचे सगळे एकदम बाहेर पडले. पोर गेली त्याच हिवाळ्यात आबांना, बहीण-भावाच्या वडिलांना उत्तमरावांना, अर्धांगवायू झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. दोन सालांनी भालचंद्राला विलायतेची शिष्यवृत्ती लागली. घरात आबांना भरवायला, धुवायला, कूस बदलायला कोणी नव्हते. दुसरबीडहून तिच्या नवऱ्याचे, रंगरावांचे, दोनदा बोलावणे आले, आणि दोन्ही वेळा कोकिळेने निरोप पाठवला, 'भाऊ आला का येते.' तिसऱ्यांदा बोलावणे आले नाही. रंगरावांनी दुसरी आणल्याची खबर आली. हे तिने पत्रात कधी कळवू दिले नव्हते. पत्र लिहिणाऱ्या गुरुजींना ती दर वेळी म्हणायची, "लिहा, इकडे सारं बरं हाये. तू शिक."

"तुह्यासाठी मी माहं घर मोडलं! कूस भराव म्हनून मले जागा नाई सांगतली, अन् कूस भराले नवराच नाई ठेवला! वा रे तुमची रूढी! वा रे तुहा अभ्यास!"

आतल्या खोलीतून एकाएकी ठण् ठण् असा आवाज सुरू झाला. आबा डाव्या हाताने पितळी पेला बाजेच्या लाकडी गातावर आपटत होते. सगळे त्यांच्या कानावर गेले होते.

"चूप बसा, आबा!" कोकिळा जन्मात पहिल्यांदा बापावर ओरडली. "इतकी वर्सं माह्या हातचं जेवून राह्यले, अन् मले एक बोट करून दाखवलं नाई तुम्ही! आता पेला नका वाजवू!"

पेला थांबला. ती पायरी उतरून तशीच निघाली... भर दुपारी, अनवाणी, गावातून घरच्या शेताकडे. पुरलेल्या लेकरापाशी आईने जाऊ नये म्हणतात, तिथे जायला आज तिला कोणाला विचारायचे नव्हते!

नाल्याच्या वळणावर दगडी बांध होता तसाच होता. त्याला पाठ लावून ती दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिली आणि मोठ्याने मोजू लागली. एक, दोन, तीन... वीस पावलांवर गवत संपले आणि पऱ्हाटी सुरू झाली. फुटलेल्या बोंडांचा पांढरा कापूस तिच्या लुगड्याला अडकू लागला. एकेचाळिसावे पाऊल पडले. तिने भोवती पाहिले. कुठेच हिवर नव्हता.

"अक्का!" भालचंद्र धापा टाकत मागून आला होता. "थांब. तुही पावलं लहान हायेत. पुस्तकातली मी माही मोजली होती."

म्हणजे तिच्या लेकीपर्यंत पोचायला याचीच पावले हवीत! तिला त्याला ढकलून द्यावेसे वाटले. पण ती बाजूला झाली आणि दात आवळून म्हणाली, "मोज मंग."

तो बांधापाशी परत गेला. ती त्याच्या मागे मागे, त्याच्या प्रत्येक पावलावर डोळे रोखून चालली. तिच्या जागेपासून सात-आठ हात पुढे जाऊन तो उभा राहिला आणि गोंधळून पाहू लागला.

"येथीच... पण हिवर कोठी गेला? हे तं पडीत होतं. काटवन होतं सारं. ह्या जागी कोनी नांगर घालत नाई..."

कोकिळेला तो हिवर आता एकदम आठवला. तिचा चेहरा पाहून तो घाबरला.

"मी तोडला," ती म्हणाली. तिचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला. "दोन सालं झाली. मीच उभी राहून तोडला. लाकडं मीच चुलीले लावली. पडीत काऊन ठेवाव म्हनलं, तुही इस्टेट वाढंन म्हनलं... नांगर घातला, वखर फिरवला... भालू, मी माह्या लेकीवर वखर फिरवला रे!"

ती मटकन खाली बसली, आणि दोन्ही हातांनी मातीवर मारू लागली... माती तिला काय उत्तर देणार होती!

भालचंद्र तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. त्याचेही डोळे वाहत होते. पण तो जे बोलला ते रडणाऱ्याचे नव्हते, आकडेमोड करणाऱ्याचे होते.

"अक्का, ऐक. माह्याकडे पाह्य. वखराची पास चार बोटं जाते. नांगर लय झालं तं वीतभर. मी कमरेइतकं खोदलं होतं, माह्या कमरेइतकं. एकटा होतो, सकाळपासून खोदत होतो. वर सात दगड. एकेक मले दोन्ही हातांनी उचलता येत नव्हता. तुहा नांगर तिच्यापर्यंत गेला नाई. एकदाही गेला नाई. मी मोजून सांगतो तुले."

"खरं?"

"मोजलेलं हाये."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. ज्या मोजमापाने तासाभरापूर्वी तिच्या अंगाची आग झाली होती, तेच आता जगात एकमेव तिच्या बाजूने उभे होते. पण राग इतक्या सहजी कुठला जायला!

"मंग मले काऊन नाई लिहिलं?"

"पत्र गुरुजी ओसरीवर वाचत, आबांच्या बाजेपाशी..." तो थांबला. "नाई. ते खरं नाई. मले भेव वाटलं. तिकडे विलायतेत एका देवळात जुन्या वह्या होत्या, दोनशे वर्सांच्या. बाप्तिस्मा न झालेली लेकरं ते भिंतीच्या पल्याड पुरत, नाव न लिहिता. एका पाद्र्यानं लिहून ठेवलं होतं, अमकी बाई आजही आली, जागा इचारत होती, सांगितली नाई. पुढल्या वर्सी पुन्हा तेच. असं अकरा वर्सं. ते वाचलं अन् मले तू दिसली, अक्का. मी मेलो तं जागाही माह्यासंगं जाईन, म्हनून लिहून काढली. शास्त्राच्या नावाखाली लिहिली, कारन तुह्या नावानं लिहाची हिंमत नव्हती."

"अकरा वर्सं," कोकिळा पुटपुटली. "त्या पाद्र्याले कीडे पडले असतीन!"

"पडलेच असतीन," भालचंद्र म्हणाला. "मलेही पडतीन."

 काही वेळाने तिने समोरच्या पऱ्हाटीचे एक झाड मुळासकट उपटले आणि बाजूला टाकले. मग दुसरे. भालचंद्रही उपटू लागला. बाजेएवढी जागा मोकळी झाली, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तोडलेल्या हिवराच्या जागेकडे पाहू लागली.

"हिवर तोडाले मानसं सांगतली त्या दिवशी..." ती सावकाश म्हणाली, "आबांनी दिवसभर पेला वाजवला होता. बाजेवर आपटून आपटून बोटं फुटली, रगत आलं. मले वाटलं, झाड तोडते म्हनून म्हताऱ्याचा जीव तुटून राह्यला. मी त्यांच्या हातातून पेला हिसकून घेतला, भालू... संध्याकाळपर्यंत पानी पाजलं नाई!"

 वाचा होती तेव्हा ज्याने 'सांगू नका' म्हटले, त्याला सांगावेसे वाटले तेव्हा देवाने वाचा ठेवली नव्हती! एक पितळी पेला तेवढा होता, आणि तो कोणालाच वाचता येत नव्हता.

घरी आल्यावर तिने हात धुतले, कण्या शिजवल्या, दूध घातले, आणि मीठ घालताना मडक्यात बोटे तशीच ठेवून क्षणभर डोळे मिटले. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पेला त्यांनी बाजेखाली लोटून दिला होता. कोकिळेने तो उचलला. त्याची कड एका बाजूने चेपली होती. ती चेप कधीची, हे तिला आता ठाऊक होते. तिने तो पाण्याने भरला आणि त्यांच्या डाव्या हाताशी, नेहमीच्या जागी ठेवला.

"मी जाऊन आली, आबा," ती म्हणाली. "गोदापाशी. नांगर लागला नाई तिले."

 म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली, आणि वाकडे झालेले तोंड काहीतरी म्हणू पाहू लागले. दारात उभ्या असलेल्या भालचंद्राने मान फिरवली.

कोकिळेने पदराने बापाचे तोंड पुसले. हात हलका नव्हता.

"राग हाये, आबा. तुमच्यावर हाये, त्याच्यावरही हाये. तो राहीन," ती म्हणाली, आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. "तोंड उघडा."