जोडीदाराचा रकाना

आमच्या शेजारची नर्स, जिला वॉर्डात सगळे धाकटी म्हणत, दुपारी दोनला तापाच्या वॉर्डात जायची. सलाईन बदलायचं, पाणी पाजायचं, चाळीस मिनिटांत बाहेर. ताप हिरड्यांतून रक्त काढणारा, नुसत्या स्पर्शानेही लागणारा. म्हणून आत एकटीने जायचं नाही, एकीने दुसरीचा सूट-हातमोजे बघायचे, हा नियम. दारातल्या फळ्यावर नाव, जोडीदार आणि वेळ लिहायची. डोक्यापासून पायापर्यंत सूट चढवला की माणूस ओळखू येत नाही ना.

मोठ्या सिस्टर एकदा एकट्याच गेल्या. जोडीला खरं तर धाकटी जायची होती. डोकं दुखतंय म्हणून तिने अंग काढून घेतलं. आत सिस्टरांचा हातमोजा फाटला, तो बघायला दुसरं कोणी नव्हतं. बाराव्या दिवशी त्या त्याच तापाने वारल्या. फळ्यावरची त्यांची ओळ पुसायला कुणाचा हात धजेना. जोडीदाराचा रकाना तेवढा कोरा.

चार नंबरच्या खाटेवर धाकटीची थोरली जाऊ. उतार पडला होता, दोन दिवसांत घरी जायची.

"पाणी हवंय?"

"मघाशी पाजलं की. दुसरीने."

जोडीदारीण तर आत्ताच धाकटीबरोबर आत आली होती. कोणी एकटंच आत शिरून हातमोजे न बदलता फिरत असेल, तर या खाटेचा ताप त्या खाटेवर जायचा. आणि जाऊ परत अंथरूण धरायची.

बाहेर येताच तिने औषधाचं पाणी फवारणाऱ्या मामांना धरलं.

"एकटं कोणाला सोडता आत?"

"मी कशाला सोडू? मी काय वॉर्डाचा जावई आहे? तुम्ही दोघीच गेलात."

"मग बूट धुवायच्या टबात तीन जोड कसे?"

मामांनी वाकून पाहिलं. "मी दोनच टाकले होते..."

दुसऱ्या दिवशी धाकटी एक वाजल्यापासून दारात ठाण मांडून बसली. आत चिटपाखरू गेलं नाही. दोनला ती जोडीदारणीबरोबर शिरली. जाऊच्या उशाशी पेला रिकामा, कडा ओली.

"आत्ताच गेली बघ. म्हणाली, उद्या तुला घरी सोडते..."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, आता एकटीने होत नाही. ती यायची राहिलीय, तिला घेऊन येते."

धाकटीने दोन्ही हातमोजे उजेडात धरून बोट न् बोट तपासलं. धड होते. बाहेर येऊन ती फळ्यापाशी थबकली. मोठ्या सिस्टरांच्या ओळीतला कोरा रकाना भरलेला होता. खडू ओलसर, नाव धाकटीचं.

अक्षरही तिचंच.