ज्याचा आकडा कमी

दर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, तिला रक्त चढायचं, तेही खिडकीजवळच्याच खाटेवर. त्या गुरुवारी तिथे एक लांबलचक तरुण हाताला रक्ताची पिशवी लावून खुशाल पसरला होता.

"ही माझी जागा आहे."

"मग बसा ना... मी सरकतो."

आगाऊ कुठला! तिने शेजारची खाट घेतली आणि पुढे दीड वर्ष सोडली नाही.

दोघांचा आजार एकच, जन्मापासूनचा. चढवलेलं रक्त जगवतं, पण त्यातलं लोह यकृतात, हृदयात साठत जातं. ते उतरवायला रोज गोळ्या, आणि किती उरलं ते बघायला तीन महिन्यांनी तपासणी. त्यावर त्याने पैज काढली. ज्याचा आकडा कमी, त्याला दुसऱ्याने कॉफी पाजायची.

"अकराशे," ती म्हणायची.

"नऊशे ऐंशी. माझ्यात साखर कमी सांगा हं."

त्याला हरवायचं म्हणून तिने मळमळ सोसली, पण एक गोळी चुकवली नाही. हरली तरी मनातून सुखावायची. तो जगणार होता ना.

"लग्न करशील?" एकदा त्याने विचारलं. "दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात..."

"पुढच्या आकड्यानंतर सांगते," ती लाजत म्हणाली.

पुढच्या तपासणीच्या दिवशी सिस्टरनी घाईत दोघांचे रिपोर्ट तिच्याच हातात कोंबले. त्याचा आकडा होता पाच हजार दोनशे. खाली मागचेही छापलेले होते. एकही हजाराच्या आत नव्हता.

"गोळ्या घेतच नव्हतास?"

"पोटात ढवळायचं गं... आणि माझा आकडा कमी ऐकून तू जिंकायला इतकी धडपडायचीस. म्हटलं, तू तरी—"

"उपकार केलेस माझ्यावर. मी त्या आकड्यांवर मनात संसार मांडून बसले होते."

तिने सिस्टरकडून सोमवार मागून घेतला. पुन्हा त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

चौथ्या सोमवारी सिस्टर हळूच म्हणाल्या, "तो वरच्या मजल्यावर आहे. हृदय थकलंय. लोह उतरायला वर्ष लागेल, आणि डॉक्टर म्हणतात, तेवढा वेळ नाही."

हातात सुई, पिशवी अर्धी. रक्त संपेपर्यंत ती थेंब बघत बसली. मग दोन कॉफी घेऊन वर गेली.

"तुझा किती?" त्याने धापा टाकत विचारलं.

"आठशे चाळीस."

"जिंकलीस."

"मला असं जिंकायचं नव्हतं रे." तिने उशाचा डबा उघडून गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने मुकाट्याने गिळली.

"लग्नाचं विचारलं होतंस ना... हो."

"खोटं तर नाही?"

"मी खोटं सांगत नाही," ती म्हणाली, आणि उद्याची गोळी वेगळी काढून ठेवली.