न दिलेली ऑर्डर

नवरा आपलं बोलणं शब्दन् शब्द ऐकतो, असं छातीठोकपणे सांगू शकणारी बाई त्या अख्ख्या रेल्वेत एकच होती. सगळे तिला कंट्रोलबाई म्हणत. एका लांबलचक मार्गावरच्या गाड्या ती खोलीत बसून रेडिओवरून हलवायची, आणि तिचा नवरा त्याच मार्गावर सिमेंटची मालगाडी चालवायचा. इंजिनात एकटाच. नियम असा होता की कंट्रोलने ऑर्डर दिली की ड्रायव्हरने ती जशीच्या तशी परत म्हणायची, मग कंट्रोलने ‘बरोबर’ म्हणायचं, तेव्हा कुठे ती ऑर्डर लागू. खोलीतले लोक याला पाढे म्हणणं म्हणत. घरी दूध आणायला सांगितलं तर ‘हं’ करून विसरणारा हा गृहस्थ रेडिओवर मात्र आज्ञाधारकपणे पाढे म्हणायचा, आणि ती हँडसेटमागे हसू दाबायची.

खोली साधीच. भिंतीवर मार्गाचा लांब फलक होता, त्यावर गाडी जिथे असेल तिथे लाल दिवा लागायचा. टेबलावर रेडिओ सेट, शेजारी पाण्याची बाटली. सगळ्या मार्गाला मिळून एकच फ्रिक्वेन्सी होती. बटण दाबून बोललं की ते सगळ्यांना जायचं, पण बटण दाबलेलं असेपर्यंत बोलणाऱ्याला दुसऱ्या कुणाचं काही ऐकू यायचं नाही. बोलायचं, बटण सोडायचं आणि मग ऐकायचं. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

एका दुपारी ती चहा पीत होती आणि सेटमधून नवऱ्याचा आवाज आला. “कंट्रोल, समजलं. सिमेंट गाडी बाजूच्या लाइनवर घ्यायची, मागची गाडी पुढे जाऊ द्यायची.”

ती हेच सांगणार होती. कप खाली ठेवून सांगणारच होती, पण अजून सांगितलं नव्हतं. ‘बरोबर’ म्हणून ती मोकळी झाली खरी, पण चहा काही गोड लागला नाही. सवयीने तोंड आपोआप चाललं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. बाकीचे ड्रायव्हर ऑर्डर मिळाल्यावरच पाढे म्हणत. हा एकटाच आधी म्हणायचा.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला सगळे ‘खरखर’ म्हणत. त्याला तिने गाठलं. चॅनलवरचा प्रत्येक शब्द रेकॉर्ड होतो, तेव्हा त्याने ते दिवस काढून तिला ऐकवले. नवऱ्याचं उत्तर स्पष्ट होतं. त्याच्या आधी काहीच नव्हतं, नुसती शांतता. खरखर काही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हता. हवा स्वच्छ असली की लांबच्या टॉवरचा आवाज इकडे येतो, दुसऱ्याच कुठल्यातरी कंट्रोलची ऑर्डर तुमचे यजमान ऐकत असतील, असं त्याने समजावलं. तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

घरी तिने नवऱ्याला विचारलं, तर तो उलट तिचीच थट्टा करायला लागला. बायकोचा आवाज ओळखू येत नाही एवढा काही मी म्हातारा झालो नाही, म्हणाला. त्याच्या लेखी सगळं रीतसर होतं. ती ऑर्डर देते, तो परत म्हणतो, ती ‘बरोबर’ म्हणते.

शेवटी खरखर स्वतः एकदा इंजिनात बसून गेला. त्या दुपारी तिने हँडसेट टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि तोंड घट्ट मिटून बसली. सेटमधून नवऱ्याचा आवाज आला. “कंट्रोल, समजलं. पुढच्या वळणावर वेग कमी करायचा.”

खरखर परत आला तेव्हा तो तिच्याकडे बघेना. पिशवीतली अवजारं उगाचच काढून पुन्हा भरत राहिला.

“वहिनी,” तो अखेर म्हणाला, “ऑर्डर देताना तुम्ही हसलात. का हसलात?”

ती दिवसभरात एकदाही हसली नव्हती. खरखरने सेट ठीक असल्याचा शेरा दिला आणि पुन्हा त्या खोलीकडे फिरकला नाही.

तेव्हापासून तिच्या मनाने एकच घेतलं. आजवरच्या ऑर्डरी निदान बरोबर होत्या, तिने स्वतः दिल्या असत्या तशाच. उद्या चुकीची आली तर? हा बाबा ती निमूटपणे परत म्हणणार आणि पाळणार. नवऱ्याला तिने रजा घ्यायला सांगितलं, त्याने हसण्यावारी नेलं. मुख्य साहेबांकडे दुसरा मार्ग मागितला, तर नवराबायकोचं भांडण घरी मिटवा म्हणाले. तिचं डोकं चालेनासं झालं. कधी वाटे आपल्यालाच वेड लागलंय, आपण बोलतो आणि विसरतो. मग रेकॉर्डिंगवरची ती शांतता आठवे आणि वाटे, वेड लागलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी नदीच्या पुलावर काम चालू होतं. रूळ काढून ठेवलेले, पंधरा-वीस माणसं पुलावर. अलीकडचा सिग्नल लाल. सिमेंट गाडी त्याच्या दिशेने येत होती आणि ती फलकावरच्या दिव्याकडे टक लावून बसली होती.

“कंट्रोल, समजलं,” नवऱ्याचा आवाज आला. “लाल सिग्नल ओलांडायचा. पुलावर वेग कमी करायचा नाही.”

तिने हँडसेट ओढला. “सिमेंट गाडी, थांबा. ती ऑर्डर माझी नाही.”

“कंट्रोल, आत्ता जा म्हणालात, आता थांबा म्हणता. कुठलं धरू?”

नियम गेला खड्ड्यात. “अहो, मी बोलतेय. तुमची बायको. माझं ऐका.”

तिने बटण सोडलं.

“हेही आत्ताच म्हणालात,” तो म्हणाला. त्याचा आवाज पार गोंधळून गेला होता. “अगदी असंच.”

फलकावरचा दिवा पुढे सरकला.

काहीही बोललं तरी ती दुसरी तेच बोलणार होती. मग तिला एक सुचलं. चॅनल अडला, कंट्रोलचं काहीच कळेनासं झालं, तर ड्रायव्हरने गाडी जागच्या जागी थांबवायची असते. तिने बटण दाबलं. दाबूनच धरलं. आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

दिवा सरकला. आणखी एकदा सरकला.

सिग्नलच्या अलीकडे तो थांबला.

बोट बधिर झालं तरी तिने बटण सोडलं नाही. सोडलं तेव्हा ती तिथेच टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. वाचला होता. तिचा माणूस वाचला होता.

संध्याकाळी तो घरी आला. त्याने हातपाय धुतले, नेहमीसारखा जेवला. ती समोर बसून त्याच्याकडे बघत होती, किती बघू असं तिला झालं होतं.

“चॅनल अडवला म्हणून थांबलात ना?” तिने विचारलं.

“अडवला कुठे? तूच तर बोलत होतीस इतका वेळ.”

“मी एक शब्द बोलले नाही.”

त्याने घास खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. ओळख विसरलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

“काय म्हणाले मी?”

“‘गाडी थांबवा. ती घरी विचारेल, तिला सांगू नका,’ म्हणालीस. मी सगळं परत म्हटलं. तू ‘बरोबर’ म्हणालीस, मग गाडी थांबवली.”

तिने बटण दाबून धरलं होतं. त्या वेळात त्याने काय परत म्हटलं, हे तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

तो ताट उचलून स्वयंपाकघरात गेला. घरात रेडिओ नव्हता. ड्युटी संपली की हँडसेट जमा करावा लागतो, आणि तो त्याने केला होता. नळ सुरू झाला, मग बंद झाला.

“कंट्रोल, समजलं,” तो आत हळूच म्हणाला. “ती झोपल्यावर.”

मग तो थोडा थांबला, पलीकडून ‘बरोबर’ येईपर्यंत ड्रायव्हर थांबतो तेवढाच, आणि भांडी घासायला लागला.