भीमाची वाट

पाण्याच्या मोटरीची लाइट दहाला येणार. तवर कुणी आडवं व्हायचं न्हाय, म्हणून सांगतो. युवराज, तो मोबाइल उपडा ठेव, उजेड डोळ्यावर येतो.

जयवंता तुमी बघितलाय. घराच्या मागनं फॉरेस्टच्या हद्दीपर्यंत ज्याचा दोन एकर ऊस हाय, तो. ही गोष्ट त्यानं मला सोताच्या तोंडानं सांगितली, आन् शेवटचं जे हाय ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्या दिवशी तो माझ्याकडं बॅटरी मागायला आला. सन दोन हजार तेवीस, मार्चची अकरा तारीख, शनिवार. संकष्टी व्हती. संध्याकाळचे सहा वाजले असतील, मी गुरांना पेंड कालवत व्हतो. त्याच्या हातात फडक्यात बांधलेलं ताट.

"अप्पा, बॅटरी द्या. माळावर जाऊन येतो."

"आत्ता? एकटाच?"

"बायकोचं ताट पोचवायचंय," म्हणला, "तिच्या नवऱ्याला."

असं म्हणला बघा. तिच्या नवऱ्याला. सोता नवरा असून.

साखरबाई आधी भीमाची बायको. भीमा फॉरेस्टात रोजंदारीवर व्हता. उन्हाळ्याच्या तोंडाला गवत वाळलं की आग पसरू नये म्हणून माळावर मधी मधी पट्टे तोडून मोकळे करतात, जाळरेषा म्हणतात त्याला. ते काम भीमाचं. माळावरची एकेक वाट त्याच्या कोयत्याखालनं गेलेली. एकोणीस साली, ह्याच तारखेला, वणवा लागला. भीमा ओली फांदी घेऊन आग झोडपत पुढं गेला. वारं फिरलं. दुसऱ्या दिवशी हिवराच्या झाडाखाली सापडला.

दोन वर्षांनी जयवंतानं साखरबाईला देवळात हार घातला. गावानं चांगलंच म्हणलं. पण आतली गोष्ट येगळी. साखरबाई कुवार असताना तिला आधी बघून आला व्हता तो जयवंताच. पोरीकडच्यांनी मागनं भीमाला पसंत केलं. ते ह्याच्या काळजात रुतून बसलेलं. भीमा जिता व्हता तवर जयवंता जळायचा, आन् मेल्यावर त्याहून जास्त जळाय लागला. जित्या माणसाशी भांडता येतं, दोन थोबाडीत देता येतात. मेलेल्याचं काय करणार? तो म्हातारा व्हत न्हाय, चुकत न्हाय, मीठ कमी पडलं म्हणून ओरडत न्हाय.

साखरबाई दरसाली त्या तारखेला ताट घेऊन माळावर जायची. दिवसाउजेडी जायची, घटकाभरात परत. वणव्याच्या दुसऱ्या साली माळ उघडाबोडका, कुठूनबी चाला. पुढं पाऊस बरा झाला आन् जळल्या जागी घाणेरी आन् वेडी बाभूळ अशी माजली, की शेळी आत शिरंना. वाटा मोडल्या. पुण्यासनं चिंकारा बघाय येणारी पोरं ढोपरं फोडून, कपडे फाडून माघारी यायची. साखरबाईच्या अंगावर मात्र एक ओरखडा नसायचा. पातळाला काटा लागलेला नसायचा. जयवंता हे बघायचा.

"कुठनं जातीस तू?"

"वाट हाय की," म्हणायची.

"कसली वाट? माणूसभर घाणेरी हाय तितं."

"हाय वाट." बास, एवढंच.

तेवीसच्या त्या दिवशी त्यानं तिच्या हातातनं ताट काढून घेतलं. म्हणला, मी जातो, आन् हे शेवटचं, पुढच्या साली ह्या घरातनं ताट जायचं न्हाय. ती भांडली न्हाय. म्हणली, "संकष्टी हाय. चंद्र दहाला उगवल. मी थांबते तुमच्यासाठी."

पण ह्याच्या पोटात दुसरंच व्हतं. ताट भिरकावून द्यायचं, आन् हिवराखाली तिनं भीमाच्या नावानं मांडलेला दगड उपटून ओढ्यात टाकायचा.

फॉरेस्टच्या तारेपाशी पोचला तवा दिवस बुडालेला. तार वाकवून आत गेला... आन् थांबला.

वाट व्हती.

दोन्हीकडं डोक्याच्या वर घाणेरी, आन् मधी एक माणूस जाईल एवढा पट्टा, साफ. त्यानं वाकून बुडखा चाचपला. चीक हाताला लागला. आत्ताच तोडलेलं. त्याला वाटलं, फॉरेस्टवाल्यांनी मजूर लावले असतील. चालाय लागला. शंभर पावलं गेला असंल, तवर पुढनं आवाज आला.

खच्... खच्...

कोयत्याचा. म्हणला, "कोण हाय रं?"

आवाज थांबला.

हा चालाय लागला. पुन्हा खच्. ह्यानं पाय उचलला की तिकडं घाई व्हायची. हा उभा राहिला की तिकडं गप्प. अंतर तेवढंच, वीस-पंचवीस पावलं. बॅटरी मारली तर नुसती पानं हलताना दिसायची. माणूस न्हाय.

मी त्याला विचारलं, "भ्याला न्हाईस?"

म्हणला, "न्हाय अप्पा. राग आला. तिच्यासाठी तोडत व्हता तो. चार सालं झाली मरून, अजून तिच्या पायाला काटा लागू देईना. आन् मी? दोन वर्षांत तिला एक चप्पल आणली न्हाय."

हिवरापाशी पोचला. झाडाखालची जागा झाडलेली. वर पाणी शिंपडलेलं. मार्च महिना, माळावर मैलभर पाण्याचा टिपूस न्हाय, आन् तितली माती ओली, वास येणारी. एका अंगाला वाळल्या गवताची घडी घातलेली, बसायला. एकच. समोर नुसती भुई.

एका बाईला बसायला जागा केलेली व्हती ती.

जयवंताला दगडाचं भानच राहिलं न्हाय. तो त्या गवतावर जाऊन बसला. मुद्दाम. फडकं सोडलं. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, वर तिळाची चटणी. म्हणला, "अप्पा, तिच्या हातचं भरलं वांगं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. माझ्या घरात तिनं कधी केलंच न्हवतं."

मग तो जेवला. सगळं जेवला. चटणीसुद्धा बोटानं पुसून खाल्ली. आन् रिकामं ताट समोरच्या भुईवर आपटून म्हणला, "घे. आता काय खातोस?"

काही न्हाय.

रातकिडे व्हते, ते गप्प झाले. पान हलंना. सोताचा श्वास ऐकू येत व्हता त्याला... मग तोबी त्यानं धरून ठेवला.

खच्.

आवाज आला. पण पुढनं न्हाय. मागनं. ज्या वाटेनं हा आला, त्या अंगाला.

खच्... खच्... लांब चालला व्हता. गावाकडं.

जयवंता हसला म्हणं. म्हणला, पळाला. आन् हसता हसता त्याच्या ध्यानात आलं.

घरी साखरबाई एकटी.

उठला. बॅटरी मारली.

वाट न्हवती.

घाणेरीची भिंत. काट्याला काटा. तुटलेला एक बुडखा न्हाय. हा तसाच घुसला. हात फाटले. सदरा फाटला. कानाची पाळी चिरली. ओरडला, "साखरे!"... कुणाला ऐकू जातंय? पुढं कोयता चाललेला. निवांत. घाई न्हाय, गडबड न्हाय. लांब... अजून लांब... मग आवाज थांबला.

तो थांबला ते जास्त वाईट, म्हणतो.

तारेच्या भायेर पडला तवा चंद्र हातभर वर आलेला. साडेदहा झाले असतील. गावातली लाइट गेलेली. घराचं दार उघडं. आत चिमणी बारीक केलेली, आन् साखरबाई भिंतीला टेकून बसलेली. पुढ्यात दोन ताटं. दोन्ही रिकामी.

"जेवलीस?"

"व्हय. चंद्र उगवला न्हवं."

"आन् हे दुसरं ताट?"

"तुमचंच की..." तिनं मान वर केली. ह्याचा फाटका सदरा, तोंडावरचं रगत... बघत राहिली.

"माझं?"

"तुमी मघाशीच आला. अंधार व्हता... बोलला न्हाय काही. मी वाढलं. तुमी जेवला. मग माझ्या टाचेतला काटा..."



"काटा काय?"

"सकाळचा मोडलेला व्हता. तुमी काढला. अंधारात. दुखलंसुद्धा न्हाय..."

जयवंता म्हणला, "साखरे, मी आत्ता येतोय."

 चिमणी फडफडली. मागलं दार उघडं व्हतं, तिकडं तिनं बघितलं.

हे सांगताना जयवंता माझ्यापुढं रडला. म्हणला, "अप्पा, ती भ्याली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती भ्याली न्हाय. त्या दाराकडं बघून तिनं पदर सारखा केला."

सकाळी तो मला बोलवाय आला. आमी दोघं मागल्या दारानं भायेर पडलो. ऊस उभा व्हता, कारखान्याची तोड अजून आली न्हवती. त्या उभ्या उसातनं, फॉरेस्टच्या तारेपासून थेट घराच्या मागल्या उंबऱ्यापर्यंत, एक पट्टा तोडलेला. सरळ. एक माणूस जाईल एवढा. तोडलेला ऊस दोन्ही बाजूला नीट निजवून ठेवलेला, शेंड्याकडची वाढी सगळी एका अंगाला. कसबी हात. कुणी तोडला म्हणून गावात विचारलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

पुढच्या साली साखरबाई माळावर गेली न्हाय. जयवंतानंच सांगून बघितलं. म्हणला, जा गं, तू जा, ताट ने, मी काही म्हणत न्हाय. पायात घालायला चप्पल आणून दिली नवी. पाया पडायचा राहिला बघा.

ती म्हणली, "तिकडं आता काय हाय?"

दोघं राहतात नीट. भांडण न्हाय, तंटा न्हाय. ती बोलती कमी. रात्री मागल्या दाराला जयवंता कुलूप लावतो, सकाळी कुलूप जागच्या जागी असतं.

तो ऊस गेला, बुडख्यांना खोडवा फुटला. रान हिरवंगार झालं, त्या पट्ट्यात तेवढा कोंब आला न्हाय. जयवंतानं तितं नवं बेणं लावलं, शेणखत ओतलं, पाणी सोडलं. उगवलं न्हाय.

परवा मी गेलो व्हतो तिकडं, पट्टा बघून आलो. तवा एक माणूस जाईल एवढा व्हता. आता दोघं जोडीनं चालतील एवढा झालाय.