सोडचिठ्ठी कुठं द्यायची?

गच्चीचं दार ढकललं आणि रेवा उंबऱ्यावरच थबकली. समोर दोऱ्याच दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांवर ओळीनं लटकलेले बोंबील! डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात ते कसे छान चमकत होते. आणि पाण्याच्या टाकीमागून कुणीतरी मजेत शीळ घालत होतं.

"कोण आहे तिकडे?"

शीळ थांबली. टाकीच्या आडून एक उंच, सावळा तरुण बाहेर आला. हात ओले, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, आणि डोळ्यांत चोरी पकडली गेल्याची जराही लाज नाही.

"मी धर्मराज. सी विंग, चारशे दोन."

"आणि हे काय आहे?"

"हे बोंबील," त्यानं घरच्या पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी करून दिली.

रेवाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. हसून तिला चालणार नव्हतं. तळोज्याच्या या सरकारी संकुलाची ती व्यवस्थापक होती. कमी उत्पन्नाच्या लोकांना स्वस्तात मिळालेली घरं, तीही सोडतीत. चिठ्ठीत नाव निघालं त्याचं नशीब उघडलं. लिफ्ट, पंप, गळती, पार्किंगची भांडणं हे तर होतंच. पण तिचं खरं काम म्हणजे ज्याच्या नावावर घर तोच त्यात राहतो की नाही हे पाहणं. घर भाड्यानं द्यायला बंदी होती. त्यामुळे दार वाजवलं की आतून अनोळखी माणूस बाहेर यायचा आणि छातीठोकपणे सांगायचा, "मी त्यांचा मेहुणा." इतके मेहुणे अख्ख्या पनवेल तालुक्यात नसतील!

"सी विंगमधून तक्रारी आल्यात. वास येतो म्हणून."

"तो कारखान्यांचा असंल, म्याडम."

"कारखान्यांचा संध्याकाळी येतो. हा सकाळचा आहे."

"दोन्ही वास वेगवेगले कलतात तुमाला?" तो मनापासून हसला. "मंग तुमी पक्क्या इथल्या झाल्या."

रेवानं वळून जायला हवं होतं. पण तिची नजर दोरीवर अडकली. प्रत्येक बोंबील दुसऱ्या बोंबलाच्या तोंडात तोंड अडकवून टांगलेला होता.

"असे दोन-दोन का अडकवलेत?"

"एकटा बोंबील दोरीवर ऱ्हात नाय. वारा आला का पडला. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा... एक दोरीच्या ह्या अंगाला, एक त्या अंगाला. मंग येऊ दे कितीबी वारा." त्यानं तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "जोडीच लागते, म्याडम."

"उद्यापर्यंत काढून टाका," असं म्हणून ती तरातरा जिना उतरली. खाली पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण टाकी तपासायला गेलो होतो. टाकीकडे तर पाहिलंसुद्धा नाही.

झालं. त्या दिवसापासून सी विंगच्या टाकीला काय झालं कोण जाणे, दर दोन दिवसांनी ती तपासावी लागायची. बोंबीलही 'उद्यापर्यंत'च होते. पण तो उद्या काही उजाडेना. धर्मराज उरणच्या बंदरावरून मासळी भरून पनवेलच्या बाजारात टेम्पो आणायचा. पहाटेचा गेलेला माणूस सकाळी परत यायचा आणि गच्चीवर शीळ घालत बसायचा. त्याची शीळ ऑफिसात ऐकू येणं शक्यच नव्हतं. रेवाला ती ऐकू यायची.

"हल्ली तुझ्या ओढणीला बोंबलाचा वास येतो गं," तिची आई शोभा एकदा म्हणाली.

"टाकी तपासते ना मी..." रेवा म्हणाली, आणि आई नुसती तिच्याकडे पाहत राहिली.

घरोघरच्या तपासणीत चारशे दोनचीही पाळी आली. घर नीटनेटकं, खिडकीत तुळस. मेहुणा कुणी नव्हता. दाराशी मात्र बायकी चपला होत्या. "आय येऊन-जाऊन असते," तो म्हणाला. रेवानं मान डोलावली. आणि मग दिवसभर, त्या चपला लाल पट्ट्यांच्या होत्या, आईच्या वयाची बाई लाल पट्ट्यांच्या चपला घालते का, असला विचार ती करत राहिली. घालते की! का नाही घालणार? आणि आपल्याला काय करायचंय?

मग जानेवारीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एक अवकाळी सर आली. रेवा गच्चीवरच होती. (टाकी!) "म्याडम, धरा!" तो ओरडला आणि व्यवस्थापक बाई सगळे नियम विसरून दोऱ्यांवरून बोंबील ओरबाडू लागल्या. ओढणीत, टोपलीत, जिथं मावतील तिथं! शेवटी दोघं टाकीखाली अंग चोरून उभे राहिले. केसांतून पाणी ठिबकत होतं. त्याचा दंड तिच्या दंडाला लागला, पटकन दूर झाला... आणि मग पुन्हा तिथंच आला.

"तुमी कुठं ऱ्हाता?" त्यानं हळूच विचारलं.

"इथंच. ए विंगमध्ये. आम्हालाही सोडतीतच लागलं." रेवा पावसाकडे पाहत बोलू लागली. "बाबा गेल्यावर आई आणि मी भाड्याच्या खोल्यांतून फिरलो. अकरा महिने झाले की करार संपला, उचला बिऱ्हाड. भिंतीला खिळा ठोकायचीसुद्धा चोरी. आता मात्र या घरातून मला कुणी हलवू शकणार नाही."

त्यानं टोपलीतले बोंबील उगाचच सारखे केले.

"म्याडम... समजा, एका पोराला घर लागलं आन् एका पोरीला लागलं. आन् त्यांचं लगीन झालं, तर?"

"एका जोडप्याला एकच घर. दुसरं परत करायचं. बोर्डावर लावलाय मी नियम."

"वाचलाय," तो म्हणाला. नेहमीचा मिश्कीलपणा कुठंतरी गेला होता.

पाऊस थांबला. तो वळूनही न पाहता टोपली उचलून निघून गेला. आपलं काय चुकलं, रेवाला कळेना. नियमच तर सांगितला होता!

चार-पाच दिवस शीळ नाही, बोंबील नाहीत. टाकी रोज तपासून झाली. आणि मग एका दुपारी धर्मराज ऑफिसच्या दारात उभा राहिला, दाढी वाढलेली, मान खाली. पहारेकरीण भामा कोपऱ्यात बसून भाजी निवडत होती. तिच्याकडे एकदा पाहून त्यानं आवाज खाली आणला.

"म्याडम, इचारायचं होतं... सोडचिट्टी कुठं द्यायची असते?"

भामाच्या हातातली शेंग खाली पडली.

सोडचिठ्ठी? म्हणजे याचं लग्न झालंय? आणि लाल पट्ट्यांच्या चपला...

"नक्की ठरलंय?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"पक्कं."

"जड जात नाही?"

"जातंय ना. किती नवस केले होते! गावाला दोन खोल्यांत आमी चार भाव, त्यांची पोरं. मना सोडवत नाय, म्याडम. पन दोन तर ठेवता येत नाय ना? कायदाच हाय."

रेवानं खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हणजे दुसरीही आहे. काय माणूस आहे! तोंड वर करून कायदा सांगतोय!

"आणि जिच्यासाठी एवढं करताय... तिला माहीत आहे?"

"नाय," त्यानं मान वर केली आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "अजून बोल्लो नाय तिला."

त्या नजरेनं रेवाचं डोकं आणखीनच भणभणलं. जिच्यासाठी बायकोला टाकतोय, ती... मीच? तिला क्षणभर आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच तिला इतकी किळस आली, की ती ताडकन उठली.

"सोडचिठ्ठी कोर्टात देतात! जुन्या पनवेलला जा. इथं माझ्याकडे येऊ नका."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. भामानं पडलेली शेंग उचलली. "मानसाचं काय खरं नाय गं बाय," ती म्हणाली. "पन हा तसा वाटला नवता."

तसा वाटला नव्हताच. हेच तर दुखत होतं. रेवा घरी गेली, आईनं वाढलेलं ताट तसंच ठेवलं, आणि उशीत तोंड खुपसून रडली. रडता रडता तिला वाटे, त्या बिचारीला जाऊन सावध करावं. मग वाटे, तिचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. मग वाटे, त्यानं टाकीखाली विचारलं होतं, दोघांनाही घर लागलं आणि लग्न झालं तर काय म्हणून. बायको असताना माणूस असलं कशाला विचारेल? एक धागा धरून ओढावा तर दुसरीकडे गाठ बसत होती. तो आवडतो, एवढंच काय ते स्पष्ट होतं. आणि नेमकं तेच तिला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. इस्त्रीचा सदरा घातला होता, पण घामानं त्याची पार रया गेली होती.

"इथं येऊ नका म्हटलं होतं ना?"

"तिथं घेत नाय, म्याडम. कोर्टाभायेरचा टायपिंगवाला माज्यावरच हसला."

"का?"

"त्यानं इचारलं, बायकोचं नाव काय? मी बोल्लो, लगीन कुठं झालंय माजं."

रेवाच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आदळला. "काय?"

"तो बोल्ला, मंग सोडचिट्टी कोनाला देतोस? मी बोल्लो, घराला."

"घराला?"

"मंग? सोडतीत लागलेलं घर सोडायचं, तर सोडचिट्टीच ना?" धर्मराज आता वैतागला होता. "तुमीच बोल्ल्या, कोर्टात जा! अर्ध्या पनवेलला ठावं झालं माज्या घराचं!"

रेवा मटकन खुर्चीत बसली. हसावं की रडावं, तिला कळेना. चपला आईच्याच होत्या. तो कायदा, ते दोन... सगळं घराबद्दल होतं! आणि आपण रात्रभर एका नसलेल्या बायकोसाठी रडलो.

"मंग त्यानं इचारलं," धर्मराजचा आवाज एकदम उतरला, "बाबा, नशिबानं लागलेलं घर कोनासाठी सोडतोस?"

"...आणि?"

"मी नाव सांगलं."

"कुणाचं?"

तो तिच्याकडे पाहत राहिला, पहिल्या दिवशी गच्चीवर पाहिलं होतं तसा, जरा जास्तच वेळ. बाहेर भामा ओरडत होती, "म्याडम, पंप बंद करा! टाकी भरून वाहायला लागली!" पण जागचं कुणीच हललं नाही.

"मला न विचारता?" रेवा कशीबशी म्हणाली.

"इचारलं असतं तर नको बोल्ल्या असत्या."

"लग्नाला?"

"घर सोडायला." त्याच्या डोळ्यांत तो जुना मिश्कीलपणा हळूच परतला. "लग्नाला... काय बोल्ल्या असत्या?"

रेवानं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. व्यवस्थापकाचा आवाज लावायचा तिनं फार प्रयत्न केला, पण तो काही लागेना.

"तुमचं घर परत घेता येणार नाही."

"का? नियम हाय ना!"

"नियम आहे. पण ए विंगचं घर आईच्या नावावर आहे. माझ्या नावावर तिथला एक खिळासुद्धा नाही."

तो बघतच राहिला. "पन तुमी बोल्ल्या, तिथून तुमाला कोनी हलवू शकत नाय..."

"म्हटलं होतं." ती जुडग्यातली एकेक किल्ली बोटानं मागं सारत राहिली. मग एकदम थांबली आणि वर पाहिलं. "पण धर्मराज... तुम्ही घर सोडलंत, तर लग्न करून मी जायचं कुठं?"

बाहेर टाकीचं पाणी पागोळ्यांसारखं भिंतीवरून कोसळत होतं आणि सी विंगच्या बायका गॅलरीत येऊन व्यवस्थापकाच्या नावानं शंख करत होत्या. धर्मराज धावत पंपाकडे सुटला. दारात अडखळला, वळला आणि अख्ख्या संकुलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"मी नाय सोडत! काय बी नाय सोडत!"

त्या दिवशी टाकी खरोखरच तपासावी लागली, आणि ती तपासायला दोघंही वर गेले.