फाटकातून परत गेलेला

हे खरं आहे. विश्वास ठेवाच, अशी गळ मी घालणार नाही. खोटं असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही भर दुपारी घडली. लख्ख ऊन होतं.

साल दोन हजार वीस. सप्टेंबर संपत आला होता. मी अक्षया, चिपळूणची. तेव्हा मी कमळामावशीकडे राहत होते, अंजनवेलच्या अलीकडच्या एका वाडीत. घरात मावशी, तिचे यजमान आप्पा आणि थोरला मुलगा निलेश. धाकटा सर्वेश मालवाहू बोटीवर खलाशी.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट कधीच संपलं होतं. पण कोरोनामुळे कुठलंच बंदर माणसं उतरू देत नव्हतं. वर्ष उलटून गेलं तरी पोरगा पाण्यावरच.

त्याचा शेवटचा फोन अटलांटिकमधून आला होता.

"आये, हितं एका टायमाला पाच पाच वादळं उठलीत. यंदा वादळांना द्यायची नावंपण संपली. आता नुसती अक्षरं देतायत."

"वादळांचं राहू दे. तू कधी येतोस ते सांग."

"उतरवलं की येतो गो."

इकडे वाडीतही कोरोनाने माणसं गेली होती. बाहेरून कुणी आलं की आधी शाळेत राहायचं, हा वाडीचा नियम. त्यात आप्पांना दमा. निलेश एवढा धसकलेला, की दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुवायचा.

त्या दुपारी जेवणं उरकून आम्ही पडवीत बसलो होतो.

निलेशचा कुत्रा पान हललं तरी भुंकायचा.

तो उठला... आणि आवाज न करता घरामागे निघून गेला.

मग फाटकातून हाक आली.

"आये... आत येऊ?"

सर्वेश!

स्वतःच्या घरी असं कोण विचारतं? हे मला आज सुचतं. तेव्हा नाही सुचलं.

अंगात बोटीवरचा कामाचा नारिंगी बॉयलरसूट. तो ओलाचिंब. खांद्यावर बॅग नाही, हातात काही नाही. केसांतून पाणी ठिबकत होतं.

आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता.

हे सगळं आम्हाला दिसत होतं. पण आम्ही बघत होतो ते एकच. त्याच्या तोंडाला मास्क नव्हता.

मावशी धावली. निलेशने तिचा दंड धरला.

"सर्वेश, तिथंच थांब! पुढं येऊ नको."

"लय थंडी वाजते रे दादा."

"आप्पांना दमा हाय, ठाऊक हाय ना तुला? शाळेत जा. सदूकाका खोली उघडून देतील. जेवण मी आणतो."

सर्वेश मावशीकडे बघत राहिला. ती रडत होती. पण तिनेही तेच सांगितलं.

"जा बाळा. थोडे दिवस. मग ये."

आप्पांनी मान वर केली नाही.

मी ओढणी नाकावर घेतली.

"बरं," सर्वेश म्हणाला. रागावला नाही. वळला आणि शाळेच्या वाटेने गेला. पावलांचा आवाज आला नाही... नुसतं पाणी निथळल्याचा आला.

तो दिसेनासा झाल्यावर निलेशने ब्लीचिंग पावडर आणली. सर्वेश जिथे उभा होता, तिथे मुठी भरभरून टाकली.

सख्ख्या भावाच्या पावलांवर.

उन्हं कलल्यावर निलेश डबा घेऊन निघाला. मीही गेले. शाळेच्या चाव्या सदूकाकांकडे असायच्या. ते बाहेर कट्ट्यावर बसले होते.

"तुझा निरोप आला तशी मी खोली उघडून ठेवली," ते म्हणाले. "आत जाताना काय कोण दिसला नाय. पण दार आतून लागलंय."

निलेशने लांबूनच हाक मारली. "सर्वेश, डबा आणलाय रे."



मग आतून आवाज यायला लागला.

चुबुक... चुबुक... चुबुक...

उभ्या होडीला पाणी लागतं ना, तसा.

"आंघोळ करत असंल," सदूकाका म्हणाले.

त्या खोलीत नळ नव्हता. निलेश त्याच शाळेत शिकलेला. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे बघितलं... आणि डबा पायरीवर ठेवून चालायला लागला.

खिडकी चार पावलांवर होती. आम्ही आत डोकावलो नाही.

सकाळी मुंबईहून फोन आला. सर्वेशला बोटीवर लावणाऱ्या एजंटचा.

निलेश नुसता "हो, हो" म्हणत होता. मग खाली बसला.

सर्वेशची बोट वादळाच्या तडाख्यात सापडली होती. डेकवर सुटलेला माल बांधायला गेला, तेव्हा लाटेने त्याला ओढून नेलं. आदल्या दिवशी. आपल्याकडच्या वेळेनं सकाळी.

तो आमच्या फाटकात उभा राहिला, ते दुपारी.

निलेश अनवाणी पळाला. शाळेचं दार फोडलं.

खोलीत कुणी नव्हतं. कडी आतून लागलेली. खिडकीला गज. फरशी कोरडी ठणठणीत.

फरशीवर पांढरा थर होता... माणसाच्या आकाराचा. कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, थंडीत झोपतो तसा.

निलेशने बोट लावून जिभेवर टेकवलं.

मीठ.

डबा पायरीवर तसाच होता. मावशीने त्यात कोलंबीचं कालवण दिलं होतं, त्याच्या आवडीचं.

सर्वेश सापडला नाही. त्याचे दिवस मावशीने करू दिले नाहीत. "तो अजून घरात आला नाय," एवढंच म्हणते. आम्ही चौघांनी आणि सदूकाकांनी ही गोष्ट वाडीत कुणाला सांगितली नाही. भीतीमुळे नाही. काय सांगणार? पोर दारात आलं आणि आम्ही हाकललं?

वर्षभराने सावर्ड्याचा शिवा घरी आला. सर्वेशच्या बोटीवरचा. मी तेव्हा तिथेच होते. पडवीत टेकला, पण पाण्याला हात लावेना.

"मावशी, डेकवरचं दार मी लावलं," तो म्हणाला. "लाट आत शिरत होती. लावलं नसतं तर सगळेच गेलो असतो. पण तो बाहेर होता."

मावशीने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"नंतर दिवसभर त्या दारावर कोण तरी थाप मारत होतं. उघडलं की कोण नाय. आता माझ्या घरीपण वाजतं..."

त्याने एकेकाकडे बघितलं.

"तुमच्याकडं आला होता काय हो तो?"

निलेश उठून आत गेला. आप्पा खोकायला लागले.

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, माहीत नाही. लाज वाटली. शिवाने पाणी न पिताच चपला घातल्या आणि गेला. सर्वेशला बाहेर ठेवणारा आपण एकटेच, असं समजून गेला.

परवा दुपारी चिपळूणला माझ्या दारावर थाप पडली. उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. पायरी ओली होती.

म्हणून हे लिहितेय. शिवा, वाचत असशील तर... तो आला होता. त्याने विचारलंही होतं. आम्ही नको म्हटलं.