पानाची मागची बाजू

संशोधन कक्षाचं दार कँटीनच्या दाराला लागून. त्यामुळे विधानभवनाच्या तळमजल्यावर दिवसातून दहा जण माझ्याकडे चहा मागतात. तोही तसाच आला.

“दोन चहा… एक बिनसाखरेचा.”

“इथे माहिती मिळते,” मी मान वर न करता म्हणाले. “चहा शेजारी.”

तो वळला, दारावरची पाटी वाचली आणि परत आला. “मग माहितीच द्या. शाळा साडेसातऐवजी नऊला भरवली तर मुलं जास्त येतात का? गुरुवारी बाई विधेयकावर बोलणार आहेत.”

बाई म्हणजे आमदार. हा त्यांचा सहायक.

“किती पानं?”

“एकच. दुसऱ्या पानापर्यंत आत्या पोहोचतच नाही.” त्यानं जीभ चावली. “म्हणजे बाई. सभागृहात बाई, घरी आत्या.”

मला हसू आलं. त्याला ते दिसलं.

नऊ अभ्यास सापडले. आपल्यासारख्या देशांतले दोनच. मग तीन दिवस मी खेड्यांतल्या मुख्याध्यापकांना फोन करत बसले. तो रोज डोकावायचा, केसांवर पावसाचे थेंब घेऊन.

“सगळ्याला पुरावा लागतो तुम्हाला?”

“सवय आहे.”

“समजा कुणी म्हणालं… तुम्ही हसलात की छान दिसता?”

“नमुना किती जणांचा?”

“एकाचा.”

“मग निष्कर्ष काढता येत नाही.”

“चालेल,” तो म्हणाला. “पण नमुना वाढवू नका, प्लीज.”

बुधवारी मी त्याला पान दिलं. एकच, दोन्ही बाजूंनी छापलेलं.

गुरुवारी सकाळी माझ्या खोलीतल्या स्पीकरवर बाईंचं भाषण लागलं. नऊची शाळा, वाढलेली हजेरी… बाकं दणादण वाजली. भाषण संपलं. मी धावतच जिना चढले.

तो हसत समोर आला. “ऐकलंत?”

“मागची बाजू कुठे गेली?”

“मागे… काही होतं?”

त्यानं बाईंसाठी प्रत काढली होती. एकाच बाजूची.

“लांबच्या मुली बसनं येतात,” मी म्हणाले. “तीच बस नंतर कामगारांना नेते, म्हणून साडेसहालाच सुटते. शाळा नऊला भरली तर दोन तास मुली फाटकाबाहेर बसतील? घरचे पाठवणारच नाहीत. मतदान कधी?”

“चारला.” त्याचा चेहरा उतरला. “आत्या आत्ता कुठे शाबासकी घेऊन बसलीय. तिला कसं सांगू—”

“नका सांगू. पुढच्या वेळी खालून चहाच न्या.”

खोलीत येऊन बसले खरी, पण काम सुचेना. माणूस बरा वाटला होता… तेच जास्त लागत होतं.

पावणेचारला स्पीकर खरखरला.

“अध्यक्ष महोदय, सकाळी मी अर्धीच माहिती दिली.” बाईंचा आवाज. “माझ्या कार्यालयात एक हुशार आहेत, त्यांना पान उलटायची सवय नाही.” हशा पिकला. “माझी दुरुस्ती आहे. आधी बसची वेळ बदला, मगच शाळेची.”

दुरुस्ती मंजूर झाली. माझ्या टेबलावर तयार झालेलं वाक्य कायद्यात जाताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

साडेपाचला तो दारात उभा. कान लाल.

“अख्ख्या सभागृहासमोर लाज काढली माझी.”

“स्वतःहून सांगितलंत?”

“हो. तुमची मागची बाजू पाठ करून.”

त्यानं माहिती मागण्याचा अर्ज पुढे सरकवला. विषय: आज संध्याकाळचा चहा. कारण: वैयक्तिक. उत्तर कधी हवे: लगेच.

मी उत्तर लिहून कागद परत दिला. त्यानं मोठ्यानं वाचलं, “उपलब्ध पुरावा अपुरा आहे.”

“बरं…” तो दारापर्यंत गेला. थांबला. आणि सावकाश कागद उलटला.

मागे मी लिहिलं होतं: सबब, प्रत्यक्ष पाहणी आवश्यक. पाच मिनिटं थांबा, कपाट बंद करते.

कागद खिशात घालून तो बाहेर पडला. कपाटाला कुलूप घालत असताना शेजारून त्याचा आवाज ऐकू आला.

“दोन चहा! दोन्ही साखरेचे.”